नकाशात मिरज ठळक

सुभेदार भाऊसोंनी फ्लेक्स आधी लावला आणि चौकशी नंतर केली. फौजेत असताना असा उलटा कारभार त्यांनी कधी केला नव्हता. पण फौजेत त्यांना सून नव्हती, आणि शुभेच्छुकांची नावं गोळा करत फिरणारं गल्लीचं मंडळही नव्हतं.

फ्लेक्स मोठा झोकात होता. सांगलीतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या डेअरीवर तो आडवा पसरला होता. 'सांगलीचे नाव जगाच्या नकाशावर' अशी लालभडक अक्षरं, त्याखाली 'सौ. मयूरी यांचे हार्दिक अभिनंदन', आणि कोपऱ्यात मयूरीचा आधारकार्डावरून उचलावा तसला एक फोटो. मधोमध मात्र खुद्द भाऊसो होते, फेटा बांधलेले, काळा चष्मा लावलेले, सुनेच्या फोटोच्या चौपट. त्याखाली शुभेच्छुक. आमच्याकडे फ्लेक्सवर आणि लग्नपत्रिकेत ज्याचं नाव राहतं तो माणूस पुढची कैक वर्षं समोरून आला की मान फिरवतो. त्यामुळे कुणाला वगळायची सोय नव्हती, आणि शेवटची काही नावं इतकी बारीक झाली होती की वाचायला डेअरीच्या पत्र्यावर चढावं लागलं असतं.

झालं होतं एवढंच. मयूरी मूळची साताऱ्याची, इतिहासाच्या शिक्षकाची मुलगी. नवरा जयराज तिकडं उत्तरेत सरहद्दीवर, आणि ही इथं माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. त्यातला एक खेळ राज्य चालवायचा. एखादी जहागीर किंवा सुभा आपल्याकडे घ्यायचा, सारा वसूल करायचा, पेठा वसवायच्या, लढाया करायच्या. वर साल सरकत राहतं, आणि खाली नकाशा बदलत जातो. त्या नकाशावर कुठल्या साली कुठलं शहर होतं, तेव्हा त्याला काय म्हणत, ते कुणाच्या ताब्यात होतं, हे ठरवायचं काम मयूरीचं. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "अण्णा, आपल्या भागाचा नकाशा झाला पुरा. आता जगभर जाणार." भाऊसोंनी हात धुतले, चप्पल घातली आणि थेट फ्लेक्सवाल्याचं दुकान गाठलं.

तिथून त्यांनी फोन लावला तो मिरजेला, बाळासोला. बाळासो म्हणजे निवृत्त हवालदार. दोघं एकाच भरतीत उभे राहिले होते, एकाच पलटणीत नोकरी केली होती आणि पहिल्या दिवसापासून एकाच मुद्द्यावर भांडत आले होते. सांगली मोठी की मिरज मोठी, हा तो मुद्दा. बाळासोचं म्हणणं असं, की सांगलीला यायचं तर माणसाला आधी मिरज जंक्शनात उतरावं लागतं. त्यावर भाऊसोंचं ठरलेलं उत्तर होतं, की उतरावं लागतं, ऱ्हावं लागत न्हाई. बर्फात, वाळवंटात, इस्पितळात, दोघांनी हे भांडण अंगच्या बनियनसारखं सगळीकडं नेलं होतं. आता जगाच्या नकाशानंच निकाल दिला म्हटल्यावर भाऊसोंना गप्प बसवेना. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम, सुनेचा सत्कार, पडद्यावर खेळ, आणि प्रमुख पाहुणे म्हणून मिरजेचे हवालदार बाळासो, असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता, ते सहज माडीवर गेले आणि म्हणाले, बघू तरी ती सांगली.

मयूरीनं लॅपटॉप फिरवला. भाऊसोंनी चष्मा चढवला. कृष्णेची निळी रेघ त्यांनी लगेच ओळखली आणि वरून बोट ठेवून ते उताराला लागले. वाई आली. साताऱ्यावर तर राजधानीची खूण होती. कऱ्हाड आलं. मग बराच वेळ नुसता हिरवा रंग आला, आणि मग एकदम जाड, काळ्याभोर अक्षरांत मिरज आली. भाऊसो बोट घेऊन पुन्हा कऱ्हाडापासून खाली आले. पुन्हा मिरजच आली.

"सांगली कुटं हाय गं ह्यात?"

मयूरीचा चेहरा पडला. फ्लेक्स तिनंही सकाळीच पाहिला होता. तिनं समजावून सांगितलं, की खेळ सुरू होतो त्या काळात सांगली होती, पण लहानसं गाव होती. ठाणं मिरजेचं, किल्ला मिरजेचा, सत्ता मिरजेची. सांगलीला शहरपण आलं ते खूप पुढं. भाऊसो म्हणाले, मग बारक्या अक्षरात घाल, कोण बघतंय. ती म्हणाली, तेवढंच तर बघतात लोक. कंपनीच्या आधीच्या खेळात कुणीतरी एक शहर वसायच्या शंभरेक वर्षं आधीच नकाशावर टाकलं होतं, तर देशोदेशीच्या खेळाडूंनी कंपनीची अशी चेष्टा मांडली की साहेब लोकांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्यानंतरच त्यांनी नावं तपासायला मयूरीला नेमलं. आणि सांगली घातली तर पलूस का नको, वडूज का नको, कवठे महांकाळ का नको? त्यांच्याही तिथं डेअऱ्या होत्या आणि फ्लेक्स लावायला जागा होती.

"आगं पर घरच्या गावाला येवढं..."

"अण्णा," मयूरी खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या विहिरीची गोष्ट ऐकूनच मी हे काम नीट करायला लागले."

ती गोष्ट भाऊसो जेवणाच्या ताटावर इतक्यांदा सांगत आले होते, की त्यांची बायको सुलाबाई तेवढ्यात भाकरी थापून घ्यायची. वाळवंटातल्या सरावात पलटणीतल्या एका शहाण्यानं ऐकीव माहितीवर नकाशावर पेन्सिलीनं एका विहिरीचं नाव घातलं होतं. सगळी तुकडी त्या नावाच्या भरवशावर भर उन्हात तंगडतोड करत गेली. तिथं विहीर नव्हती, नुसती बाभळ होती. गोष्टीच्या शेवटी भाऊसो ताटावर बोट आपटून म्हणायचे, की नकाशात खोटं नाव घालणारा माणूस वैऱ्यापेक्षा वाईट. आता त्यांना ते बोट कुठं ठेवावं कळेना.

खाली येऊन त्यांनी सुलाबाईला सांगितलं. सुलाबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण वर्म बरोबर कळलं. मिरज आहे आणि सांगली नाही, एवढं तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग म्हणाली की तो कपडा आजच्या आज उतरवा. भाऊसो म्हणाले, उतरवू कसा, निम्म्या गल्लीची नावं आहेत त्याच्यावर. सुलाबाई म्हणाली, मग कार्यक्रम रद्द करा. भाऊसो म्हणाले, बाळासोनं फेट्याचा रंग विचारायला दोनदा फोन केलाय. ह्यावर सुलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. साऱ्या आयुष्यात कुणी भाऊसोंना खोटारडा म्हटलं नव्हतं, आणि आता ती पदवी रविवारी, माइकवरून, मिरजेच्या माणसाकडून मिळायची होती.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि साताऱ्याला व्याह्यांकडे गेले. लेक बापाचं ऐकेल, असा त्यांचा हिशोब.

सुमंत सर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहात. सगळी नोकरी त्यांनी पोरांना सनावळ्या पाठ करायला लावण्यात घालवली होती आणि अजूनही वाण्याकडे गेले तर त्याला एखादं साल विचारून यायचे. त्यांनी व्याह्यांपुढं कंदी पेढे ठेवले, सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीतून वर किल्ल्याकडं बोट दाखवलं.

"सुभेदारसाहेब," ते म्हणाले, "माझंच दुःख मोठं आहे हो. तुमचं नाव नुसतं नाही. आमचं बदललंय."

मग त्यांनी सांगितलं. औरंगजेबानं सतराशे साली हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढं थोड्याच वर्षांत मराठ्यांनी किल्ला परत घेतला. आता एवढ्याशा काळासाठी नकाशावर ते नाव कशाला, असं त्यांनी मुलीला परोपरीनं सांगून पाहिलं. खेळात साल पुढं सरकलं की साताऱ्याच्या डोक्यावर आझमतारा उगवायचा, आणि सरांना जेवण गोड लागायचं नाही. मुलगी ऐकेना. वर म्हणाली, की बाबा, वर्गात हे साल तुम्हीच पाठ करून घेतलंत, चुकलं तर छडी मारायचात.

भाऊसोंना एकाएकी व्याह्यांबद्दल फार माया वाटली. लग्नात मानपानावरून ह्याच माणसाशी त्यांची थोडी कुरबूर झाली होती. आता दोघं एकाच बाकावर उभे केलेल्या पोरांसारखे समोरासमोर बसून पेढे खात होते. आपलं बोलणं आपल्याच घरात कुणीतरी इतकं मनावर घेईल, असं दोघांनाही बोलताना वाटलं नव्हतं.

निघता निघता सरांनी सवयीप्रमाणे एक धडा दिलाच. सांगली मोठी कशी झाली ठाऊक आहे का, म्हणाले. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्याचं पटेना. वाटणी झाली. पुतण्या आपला हिस्सा घेऊन कृष्णाकाठी सांगलीला आला आणि तिथं त्यानं राजधानी केली. म्हणजे तुमची सांगली लढाईतून नाही हो, भाऊबंदकीतून उभी राहिली. भाऊसोंनी मान डोलावली आणि एसटीत बसल्यावर ते कऱ्हाड येईपर्यंत त्यावरच विचार करत राहिले.

घरी येताच ते चपलेसकट माडीवर गेले. "मयूरी, ती वाटणी हाय का तुज्या खेळात?"

मयूरी पहिल्यांदाच हसली. आहे की, म्हणाली. उलट तीच तिच्या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट होती. साल आलं की नाव आपोआप उगवावं, हे तिला पटत नव्हतं. ज्या कारणानं शहर झालं ते कारण खेळात घडलं तरच नाव यावं, असा तिचा आग्रह. म्हणून तिनं असं केलं होतं, की मिरजेची जहागीर दोघांनी मिळून चालवायची, काका आणि पुतण्या. पडद्यावर एकेक प्रश्न येतो. दोघांनी आपापलं बटण दाबून उत्तर द्यायचं. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत उत्तर बदलता येतं. दोघांचं एकच उत्तर असेल तर कारभार पुढं चालू. घड्याळ संपलं आणि उत्तरं वेगळी राहिली, की वाटणी, आणि कृष्णाकाठी सांगली.

"म्हंजी काका-पुतण्यात भांडण लागलं की सांगली आली?"

"आली. पण डाव संपायच्या आत लागायला हवं. आणि अण्णा, आधी ठरवून भांडायचं नाही. बाळासोकाकांना ह्यातलं काही सांगायचं नाही."

भाऊसोंचा जीव भांड्यात पडला. "बाळासोसंगं भांडायला ठरवायला लागतंय व्हय," ते म्हणाले. "त्यो नुसता समोर बसू दे." त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि विहिरीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. क्रिकेटच्या मॅचसाठी घेतलेला मोठा पडदा मंडळानं लावला होता. मंडळाचा अध्यक्ष इंद्रजित माइक हातात घेऊन तो सोडायला तयार नव्हता. साताऱ्याहून सुमंत सर येऊन पहिल्या रांगेत सुलाबाईशेजारी बसले होते. मयूरीला साडी-नारळ झाला, सुभेदारांना शाल झाली, आणि प्रमुख पाहुण्यांना गुलाबी फेटा बांधण्यात आला. बाळासो फेट्यात नवरदेवासारखा दिसत होता आणि तसाच खाली बघत होता. भाऊसोंना तेव्हाच थोडी शंका यायला हवी होती.

दोघांना स्टेजवर टेबलाशी बसवलं. समोर दोन बटणांची यंत्रं. लोकांना त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून इंद्रजितनं मधोमध एक माइक ठेवला. पडद्यावर मिरज जाड अक्षरांत झळकली. भाऊसो बाळासोकडं बघून वाट पाहू लागले, की आता हा बोलणार, आता हा मिशीवर हात फिरवणार. बाळासोनं निमूट यंत्र पुढ्यात ओढलं.

पहिला प्रश्न आला, नवी पेठ किल्ल्याजवळ वसवायची की नदीकडं. भाऊसोंनी मुद्दाम नदीकडचं बटण दाबलं. बाळासोचा अंगठा किल्ल्याच्या बटणावर होता. तो क्षणभर थांबला, मग हळूच सरकला. "सुभेदारसाहेब म्हणतील तसं," तो माइककडं तोंड करून म्हणाला. हॉलनं टाळ्या वाजवल्या. भाऊसोंना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा साहेब म्हटलं होतं.

दुसरा प्रश्न किल्ल्याच्या डागडुजीचा होता. भाऊसोंनी मनातल्या मनात मिरजेच्या किल्ल्याची माफी मागितली आणि 'पडू द्या' असं उत्तर दिलं. बाळासोच्या कानशिलाची शीर उडाली. वाळू संपत आली. अगदी शेवटी त्यानंही 'पडू द्या' दाबलं आणि सुभेदारसाहेबांचा अनुभव मोठा आहे, असं वर बोलून दाखवलं. पडद्यावर एक बुरूज ढासळला.

मग भाऊसोंनी ताळच सोडला. मिरजेच्या बाजारावर दुप्पट कर बसवला, बाळासो हो म्हणाला. मिरजेतले तंबोरे करणारे कारागीर उचलून साताऱ्याला धाडले, बाळासो डोळे मिटून हो म्हणाला. पहिल्या रांगेत सुमंत सर खूश होऊन सावरून बसले. मिरजेचा हत्ती विकला, तोफा विकल्या. मिरजेची जाड अक्षरं सडपातळ होत चालली, पण दोघांचं उत्तर काही वेगळं होईना. वर साल भराभर सरकत होतं आणि डाव संपत आला होता. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली, की फ्लेक्सवरची सांगली कुठं आहे. कुणीतरी शिट्टी मारली. इंद्रजित घाम पुसत म्हणाला, की दोन्ही मान्यवरांची ही एकी बघून ऊर भरून येतोय.

भाऊसोंचाही ऊर भरून आला होता, पण वेगळ्या कारणानं. हा गाढव उभ्या आयुष्यात एकदा गोड वागला, आणि तो आज.

शेवटचा प्रश्न आला. कृष्णेला पूर आलाय, नावा आधी वरच्या काठाला पाठवायच्या की खालच्या काठाला. भाऊसोंना दम लागला होता. ते बाळासोच्या कानाशी वाकून दात-ओठ खात म्हणाले, "आरं, कायतरी उलटं बोल की. सारखं हो हो काय लावलंयस?"

बाळासोही वाकला. त्याला वाटलं आपण कुजबुजतोय. पण तोंड बरोबर माइकवर आलं होतं.

"गप खेळ गड्या. तुजं गाव नकाशात न्हाई, मला समदं ठावं हाय. साताऱ्याच्या सरांनी फोन केला हुता. चारचौघांत तुजी लाज जाऊ नये म्हणून मिरजेचं वाटोळं बघत बसलोय मी हितं."

भिंतीवरच्या दोन्ही कर्ण्यांतून ते वाक्य सगळ्या गल्लीत गेलं होतं. सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. सुमंत सरांनी, ज्यांनी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, त्यांनी मुलीच्या सासरची अब्रू राखायला तो फोन केला होता, आणि आता ते बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधत होते.

भाऊसो उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. पळून जायला मागं दार होतं, पण फौजेतला माणूस, आणि पहिल्या रांगेच्या कडेला मयूरी उभी होती. ती रडकुंडीला आली होती. तिच्याकडं बघून त्यांनी माइक ओढला.

"खरं हाय," ते म्हणाले. "नकाशात सांगली न्हाई. त्या टायमाला आपलं गाव बारीक हुतं. फ्लेक्स मी लावला, न विचारता. पोरीनं खरं तेच लिवलंय, आन् मी सांगूनबी तिनं खोटं नाव घातलं न्हाई. सत्कार तिचा त्यासाटी हाय." एवढं बोलून ते बसले असते तर बरं झालं असतं, पण ते बाळासोकडं वळले. "आन् तू. तुला कुणी सांगितली रं माज्यावर दया करायला?"

"दया?" बाळासोचा फेटा सुटायला आला. "पुरात तुमच्या घरात पाणी शिरलं, तवा समदी माज्या माडीवर हुता. मिरजेत. तवा कुणी दया म्हणलं का?"

"तवा? रोज सकाळी चा देताना इचारायचास, मिरजेचा चा कसा लागतोय म्हणून."

"मग? कसा लागत हुता?"

"पांचट."

झालं, धरण फुटलं. बाळासोनं टेबलावर हात आपटला आणि म्हणाला की सांगलीकरांना खालीच राहायची हौस, म्हणून दर पावसाळ्यात पाण्यात जातात, नावा खालच्या काठाला गेल्या पाहिजेत. त्यानं बटणावर अंगठा असा दाबला की यंत्र कुरकुरलं. भाऊसो म्हणाले, मिरजेच्या माणसाला नदी कुठून वाहते हेच ठाऊक नाही, आधी वरच्या काठाला, आणि त्यांनीही आपलं बटण दाबून धरलं. बाळासोनं वाळवंटातलं काहीतरी काढलं. भाऊसोंनी बर्फातलं काढलं. जंक्शन निघालं, हळद निघाली, भडंग कुणाचं हे निघालं. लोक उभे राहून ऐकू लागले. इंद्रजितनं माइक बंद करायला हात पुढं केला, तर पाठीमागून पन्नास माणसं एकदम म्हणाली, असू दे.

घड्याळातली वाळू संपली. पडद्यावर नगारा वाजला. मिरजेच्या रंगातून एक तुकडा हळूहळू वेगळा झाला, कृष्णेच्या वळणाला एक ठिपका उमटला, आणि त्याच्याजवळ एकेक करत अक्षरं आली. सांगली.

हॉलमध्ये जो गलका झाला तो ऐकून डेअरीवरचा माणूस दूध सोडून पळत आला. शिट्ट्या, टाळ्या, कुणी गुलालाची पुडी शोधायला लागलं. स्टेजवर मात्र भडंगावरून अजून चालूच होतं. ज्या नावापायी भाऊसोंनी साताऱ्याची एसटी धरली होती, ते नाव त्यांच्या डोक्यावर लखलखत होतं आणि ते त्याच्याकडं पाठ करून बाळासोला दाण्याचं आणि लसणीचं प्रमाण सांगत होते.

शेवटी मयूरीनं स्टेजवर येऊन त्यांच्या शालीचं टोक ओढलं. "अण्णा, मागं बघा."

भाऊसोंनी मागं बघितलं. मग चष्मा लावून बघितलं. अक्षरं मिरजेएवढी जाड नव्हती, पण होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाळासोही फेटा सावरत बघत राहिला.

"हे काय झालं?" त्यानं विचारलं.

मयूरीनं त्याला सगळं सांगितलं, वाटणीचं, भांडणाचं. बाळासोनं तोंडावरून हात फिरवला. "मग पोरी आधी सांगायचं," तो म्हणाला. "मी पयल्या पेठंलाच भांडलो असतो. किल्ला तर वाचला असता." मग तो भाऊसोंकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "म्हंजी गड्या, तुमी आमच्यातनंच निघालायसा."

"निघालोय," भाऊसो म्हणाले. "पर भांडून."

दुसऱ्या दिवशी सुमंत सर साताऱ्याला जायला निघाले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. भाऊसो शिडीवर चढून फ्लेक्सवर पट्ट्या चिकटवत होते, आणि खाली बाळासो शिडी धरून ती वाकडी लागतेय म्हणून ओरडत होता. एका पट्टीनं 'सांगलीचे नाव जगाच्या नकाशावर' ह्याच्याखाली 'वाटणीनंतर' असं आलं होतं. मयूरीचा नवा, मोठा फोटो चिकटवला होता, त्यात भाऊसोंचा काळा चष्मा पुरा झाकला गेला होता. आणि शुभेच्छुकांत सगळ्यात वर, मंडळाच्या अध्यक्षाच्याही वर, नवं नाव लागलं होतं. हवालदार बाळासो, मिरज. त्यातलं मिरज ठळक होतं.